रिपोर्टमधलं बोट

१

शिवलिंग घोरायला लागला की गल्लीला कळायचं, दोन वाजले. हुपरीतल्या त्या गल्लीत घराच्या पुढच्या सोप्यातच कारखाना असायचा. कारखाना म्हणजे चार पाट, एक ऐरण, जोड झाळायची गॅसची फुकणी आणि खिळ्याला टांगलेले अर्धेकच्चे पैंजण. सकाळपासून तिथे ठकठक चालायची. दुपारी भाकरी पोटात गेली की शिवलिंग पाटाशेजारी सतरंजी टाकून उताणा पडायचा, आणि पाठ टेकायचा अवकाश, घोरणं सुरू.

"निघाला बघा अण्णांचा ट्रॅक्टर फडाला," शेजारची धोंडुबाई म्हणायची आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून हसायची. ती रोज घुंगरं ओवायला यायची.

शिवलिंगची बायको रत्नव्वा. तिला आता हसूही येत नव्हतं आणि रागही. तेहतीस वर्षांत माणूस कशाशीही जुळवून घेतो. तिनं तर त्या घोरण्यावर हाताचा ताल बसवला होता. एक घोर, एक कडी. झाळकाम शिवलिंगचं, कड्या गुंफून घुंगरू अडकवायचं काम तिचं. म्हणजे पैंजण निम्मं तिच्या हातचं असायचं, पण कोल्हापूरच्या दुकानात ते 'शिवलिंगचं काम' म्हणूनच ओळखलं जाई. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही. त्याचा हात अडला की तिनं आपला पुढे करायचा आणि नाव त्याचं राहायचं.

अडचण एकच होती. घोरणं मधेच तुटायचं. कापड फाडताना हात थांबवावा तसं एकदम. मग सोप्यात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज उरायचा. रत्नव्वाची कडी हातातच राहायची. वीस मोजून व्हायचे, तीस व्हायचे, तिची छाती भरून यायची. मग तो खर्रकन् श्वास ओढायचा आणि तिचा हात पुन्हा चालू व्हायचा.

"तुमी मधीच थांबतासा, माझा जीव टांगणीला लागतोय," ती म्हणायची.

"मरत न्हाय गं इतक्यात," असं म्हणून तो तोंड धुवायला जायचा. उठायचा तो असा ताजा, की जणू आत्ताच सकाळ झाली.

डुलक्या यायच्या त्या रत्नव्वाला. चारच्या सुमाराला डोळे मिटायचे, कडी हातातून गळायची. सकाळी उठल्यावर डोकं दगडासारखं जड असायचं आणि गच्चीचा जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. धोंडुबाई म्हणायची, "ह्यो बाबा घोरून घोरून हिची झोप खातोय." रत्नव्वालाही ते पटलेलं होतं.

२

लेक भूमिका कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात काउंटरला होती. एका रविवारी ती घरी आली, दुपारी बापाशेजारी बसली आणि मोबाइलवर सेकंद मोजत राहिली. मोजून झाल्यावर ती आईला हाताला धरून मागच्या परड्यात घेऊन गेली.

"अव्वा, अप्पा बावन्न सेकंद थांबले. बावन्न! हे नुसतं घोरणं न्हाय."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. झोपेत घशाचं मांस सैल पडतं, हवेची वाट अरुंद होते आणि घोरण्याचा आवाज येतो. काहींची वाट पूर्णच मिटते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तोच तो खर्रकन् येणारा श्वास. असं रात्रभर शेकडो वेळा होतं आणि झोपलेल्याला त्याचा पत्ता नसतो. हृदय मात्र झिजत राहतं.

रत्नव्वा तिथंच पायरीवर बसली. तेहतीस वर्षं हा माणूस तिच्या शेजारी रोज थोडाथोडा मरत होता आणि ती कड्या मोजत बसली होती.

तपासणीचं यंत्र घरी न्यायला मिळायचं, पण एकच रात्र, आणि नंबर लागलेले. भूमिकानं कुणाकुणाचे पाय धरून एक रात्र मिळवली. संध्याकाळी सम्राट नावाचा दवाखान्यातला पोरगेला तंत्रज्ञ पेटी घेऊन आला. त्यानं छातीचा पट्टा, नाकाखालची नळी आणि बोटाचा चिमटा कसा लावायचा ते दाखवलं.

"काकू, चिमटा निघू द्यायचा न्हाय. त्यो निघाला की सगळी रात्र फुकट," एवढं बजावून तो शेवटच्या एस.टी.नं गेला.

रात्री शिवलिंग झोपल्यावर ती पेटीजवळ बसली. चिमट्याचा दिवा लाल लुकलुकत होता. हिरवा झाला की समजायचं, असं सम्राट म्हणाला होता. तिनं चिमटा या बोटाचा त्या बोटाला लावून पाहिला. दहाही बोटं तशीच. चाळीस वर्षं ॲसिड, ज्योत आणि पॉलिश खाऊन टोकांची कातडी जोड्याच्या टाचेसारखी झालेली, नखं काळीठिक्कर. दिवा काही हिरवा होईना. सम्राटचा फोन बंद होता. त्या रात्रीपुरती घरी आलेली भूमिका आत दमून झोपली होती आणि तिला उठवावं असं रत्नव्वाला वाटलं नाही.

मशीनला काय, एक बोट पाहिजे, असा तिनं विचार केला. चिमटा काढून आपल्या तर्जनीला लावला. दिवा लगेच हिरवा झाला.

ती सकाळपर्यंत भिंतीला टेकून जागी बसली, हात त्याच्या हाताशेजारी ठेवून. पट्टा त्याच्या छातीला, बोट तिचं. पाचच्या ठोक्याला तिनं चिमटा काढून त्याच्या बोटात अडकवला. काम वेळेत पुरं झाल्याचं समाधान तिला वाटलं.

३

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर पसरला. वर एक रेघ, खाली एक रेघ.

"ही वरची श्वासाची. इथे सपाट झाली म्हणजे श्वास थांबला. तासाला बेचाळीस वेळा. आणि ही खालची ऑक्सिजनची. बघा, प्रत्येक थांब्यानंतर वीसेक सेकंदांनी खाली येतेय. सत्त्याण्णववरून एकाहत्तर. श्वास सुरू झाला की परत वर. अगदी पुस्तकात असतो तसा रिपोर्ट आहे."

रत्नव्वानं वाकून पाहिलं. वरची रेघ तिच्या ओळखीची होती, ती तिनं कानांनी तेहतीस वर्षं ऐकली होती. खालची रेघ तिच्या बोटाची होती. त्या रात्री ती टक्क जागी होती. श्वास घेत होती, दोनदा पाणीही प्यायली होती.

"दिवसा झोप येते का हो तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी शिवलिंगला विचारलं.

"न्हाय की."

"सकाळी डोकं दुखतं?"

"अजाबात न्हाय."

"दम लागतो? विसरायला होतं? तोंड कोरडं पडतं?"

"बाई, मी एक खोकाभर माल डोक्यावर घेऊन स्टँडपातूर चालत जातोय."

डॉक्टरीणबाईंनी पेनानं टेबलावर टकटक केलं. "कमाल आहे. असा रिपोर्ट असलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो."

खुर्चीत बसल्या बसल्या रत्नव्वाचे डोळे मिटत होते. त्या एकेका प्रश्नाला तिचं मन हो म्हणत गेलं होतं. सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण लेक काउंटरला, तिच्या नोकरीच्या ठिकाणी आपण काय गाढवपणा केला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि रिपोर्ट तर जुळला होता. मशीननं पट्ट्यावरून अंदाज बांधला असेल, तिनं स्वतःला समजावलं. हल्लीची मशीनं हुशार असतात.

४

नाकावर मास्क बसवायचं मशीन घरी आलं. झोपेत ते हवेचा हलका दाब देत राही आणि घशाची वाट उघडी ठेवी. शिवलिंगनं पहिल्या दिवशी आरशात पाहून स्वतःला हत्ती म्हणून घेतलं, पण लेकीच्या धाकानं दुपारीही आणि रात्रीही तो मास्क लावू लागला. घोरणं गेलं, थांबेही गेले. सोप्यात नुसता मशीनचा बारीक फुसफुसाट.

चौथ्या दिवशी रत्नव्वा वाळवण घालायला गच्चीवर गेली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुठेच बसलो नाही. सहाव्या दिवशी ती पहाटे उठली तर डोकं हलकं. बावन्नाव्या वर्षी तिला आपलं लग्नाआधीचं अंग आठवलं. ती त्या आठवड्यात फार आनंदात होती. धोंडुबाईबरोबर फुगडीचा एक फेरासुद्धा घातला.

"घोर मिटला की माणूस असं फुलतंय बघ," धोंडुबाई म्हणाली.

नवव्या दिवशी शिवलिंगनं मास्क काढून ठेवला.

"मला काय झालंय? ही सोंड लावल्यापासनं उलट अंग मोडून आल्यागत वाटतंय. सकाळी दम लागतोय. आदी मी किती ताजा हुतो!"

"डॉक्टरनी सांगितलंय न्हवं..."

"डॉक्टरला काय कळतंय? माझं अंग मला म्हाईत."

त्या दुपारी तो उताणा झोपला. घोरणं सुरू झालं, मग तुटलं. रत्नव्वाच्या हातातली कडी खाली पडली.

५

कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र अजून कपाटात होतं. तिनं त्यात नवे सेल घातले. धोंडुबाईच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. स्वतःच्या बोटाला लावलं, सत्त्याण्णव. नाक दाबून तीस मोजले, तरी सत्त्याण्णव. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं, आणि तिचा जीव तसा दणकट होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिवलिंग झोपल्यावर, यंत्र बोटाला लावून ती पाटावर बसली. घोरणं तुटलं. ती मुद्दाम सावकाश, पोटभर श्वास घेत राहिली. दहा. वीस. आकडा हलला. पंच्याण्णव. एक्क्याण्णव. ती आणखी जोरात श्वास घेऊ लागली, हवा सरळ आत जात होती, नाकात फुकणीच्या गॅसचा वाससुद्धा येत होता. ब्याऐंशी. शहात्तर. तिच्या ओठांना मुंग्या आल्या. तेवढ्यात शिवलिंगनं खर्रकन् श्वास ओढला आणि आकडे परत चढू लागले.

तिनं ते नऊ वेळा पाहिलं. काळजीनं होत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. नवरा-बायकोचं असतं असं काहीतरी. पण काळजीनं माणसाची छाती धडधडते, रक्तातली हवा जात नाही; ती श्वास अडला तरच जाते, हे भूमिकानं सांगितलेलं तिला चांगलं आठवत होतं.

त्याच्याकडे पाहिलं तर गाल लाल, कपाळ नितळ, ओठांच्या कोपऱ्यात हसू. तिला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

६

माहेरी जाते म्हणून ती पहाटेच्या एस.टी.नं नेसरीला भाऊ सोमेशकडे गेली. मधे एवढे डोंगर, एवढं अंतर. एवढ्या लांबून काय होणार, असा तिचा हिशोब होता. तिथे मळ्यातल्या घरात ती सकाळभर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. आकडा सत्त्याण्णव. वहिनीशी गप्पा झाल्या, जेवण झालं, तरी सत्त्याण्णव. तिला रडू यायचं बाकी राहिलं होतं, इतकं बरं वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आकडा उतरायला लागला.

तिनं घाईनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. हातातल्या फोनचे तिला दोन दिसत होते. तिसऱ्या खेपेला शिवलिंगनं उचलला.

"काय गं?"

"काय करत हुतासा?"

"झोपलोतो की. सोन्यासारखी झोप मोडलीस."

तो बोलत होता तोवर आकडा चढत गेला. तिनं आणखी काहीबाही विचारून त्याला पंधरा मिनिटं बोलतं ठेवलं. फोन ठेवताना तो म्हणाला, "लवकर ये. तू नसलीस की वाईच जड जातंय."

रत्नव्वा ओसरीच्या खांबाला धरून बसून राहिली. भावाला सांगावं म्हटलं, तर काय सांगायचं? तो हसेल, नाहीतर देवऋष्याकडे नेईल. पळून जायला तर जागाच नव्हती. निदान मास्क लावायला त्याला कसंही करून भाग पाडावं, पाया पडावं, भांडावं, एवढं ठरवून ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परत निघाली.

७

ती गल्लीत शिरली तेव्हा अडीच वाजले होते आणि गल्ली शांत होती. एस.टी.तच तिला दोनदा भोवळ आली होती. धोंडुबाई दारातच भेटली.

"रत्नव्वा, घोरायचं थांबलं की गं अण्णांचं! कालपासनं हूं न्हाय की चूं न्हाय. मशीनचा गुण आला बघ."

मशीन कोपऱ्यात, खोक्यात बंद होतं. शिवलिंग सतरंजीवर उताणा. सोप्यात कसलाच आवाज नव्हता. रत्नव्वानं दार लोटून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली.

त्याची छाती हलत नव्हती. पोटही हलत नव्हतं. तिनं पैंजण गुंडाळायच्या गुलाबी कागदाचा एक कपटा फाडला, अगदी पातळ, आणि त्याच्या वरच्या ओठावर ठेवला. कपटा तसाच पडून राहिला. तिनं घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट गेलं, चार गेली, नऊ गेली. गालांवर मात्र तीच लाली.

यंत्र तिनं त्याच्या पायाच्या बोटाला लावलं. ते बोट मऊ होतं, स्वच्छ होतं. तपासणीच्या रात्री हे सुचलं असतं तर, असं तिच्या मनात येऊन गेलं. नव्याण्णव.

मग ते काढून आपल्या बोटाला लावलं. एकोणसत्तर.

तिला सगळं कळलं असं नाही, पण करायचं काय ते सुचलं. आपण श्वास थांबवला तर याला स्वतःचा घ्यावा लागेल. घेईलच. अंगाला काय, सवय मोडली की जुनं आठवतं. यंत्र परत त्याच्या पायाला लावून तिनं डाव्या हातानं आपलं नाक आणि तोंड घट्ट दाबलं.

वीस मोजले. नव्याण्णव. तीस मोजले. शहाण्णव, ब्याण्णव. तिच्या कानांत रक्ताचा आवाज यायला लागला. घे, ती मनात म्हणाली, घे आता तुझा तू. पंच्याऐंशी. त्याचे ओठ जांभळे पडले, कपाळावर घाम फुटला. छाती हलेना. घशाचं हाड हलेना. ब्याहत्तर. तो मुळी प्रयत्नच करत नव्हता. एखादं काम वर्षानुवर्षं दुसऱ्यानं केलं की माणसाचा त्यातला हातच जातो, तसा त्याचा गेला होता. चौसष्ट. हा माणूस माझ्या हातानं मरतोय, असं तिला वाटलं, आणि तिच्या पोटात माया आणि संताप एकदमच उठले.

तेवढ्यात त्याचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते. ओठावरचा कागद मात्र जराही हलला नाही.

"घे की, रत्ना," तो म्हणाला. "थांबलीस कशाला?"

त्या शब्दांना लागलेली हवा तिच्या स्वतःच्या छातीतून कमी होत गेलेली तिला कळली.

तिचा हात तोंडावरून निसटला. हवा आत गेली, भसकन्, खर्रकन्, अगदी तसाच आवाज करत. पायाच्या बोटावरचा आकडा वर चढू लागला आणि चढत चढत नव्याण्णववर जाऊन थांबला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ती भिंतीला टेकली आणि श्वास घेत राहिली, कारण थांबणं तिला जमलं नव्हतं.

चार वाजता शिवलिंग उठला. आळोखेपिळोखे दिले, ओठावरचा कपटा काढून टाकला, आणि तिला तिथे बसलेली पाहून त्याला काही नवल वाटलं नाही. त्यानं उठून स्वतःच चूल पेटवली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्यासाठी चहा केला. कप तिच्या हातात नीट धरवला आणि तिच्या निळसर नखांकडे थोडा वेळ बघत राहिला. त्याच्या नजरेत माया होती, हे तिला नाकारता येईना.

"लई दमलीयास," तो हळूच म्हणाला. त्यानं सतरंजी झटकून तिच्यासाठी सरळ केली. "पड जरा. मी जागा हाय तवर झोपून घे."

रत्नव्वा आडवी झाली.